जुन्या डर्ट बाइकचे इंजिन नव्याने बांधताना पिस्टनचे अचूक माप कसे ठरवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात मातीवर पळवल्या जाणाऱ्या जुन्या गाड्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे हेडलाइट आणि मडगार्ड उतरवून मातीच्या ट्रॅकसाठी तयार केलेली यामाहा आरएक्स १०० सारखी टू-स्ट्रोक, आणि दुसरी म्हणजे परदेशातून आलेली, एक-दोन मालकांच्या हातून गेलेली खरी मोटोक्रॉस गाडी. दोन्हींचे इंजिन उघडल्यावर पहिला प्रश्न एकच येतो, तो म्हणजे पिस्टन कोणत्या मापाचा घ्यायचा. स्पेअर पार्टचा दुकानदार गाडीचे नाव विचारतो, बोरिंगवाला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणारा कारागीर, पिस्टन मागतो आणि मालक जुन्या पिस्टनवरचा आकडा दाखवतो. या तिघांपैकी कोणाकडेही पूर्ण उत्तर नसते. ते सिलिंडरमध्ये असते आणि मोजल्याशिवाय हाती लागत नाही.

गाडीचे मॉडेल आणि साल सांगून पिस्टन मागवला तर काय बिघडते?

नवी गाडी असेल तर काहीच बिघडत नाही. वापरलेल्या गाडीत मात्र मॉडेलच्या नावावरून फक्त कारखान्यातून निघतानाचे माप कळते, आणि तेही साल अचूक माहीत असेल तरच. होंडा सीआरएफ २५० आर या एकाच नावाच्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, २००९ च्या मॉडेलपर्यंत ७८ मिमी होता आणि २०१० च्या मॉडेलपासून तो ७६.८ मिमी झाला. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचे वर-खाली जाण्याचे अंतर, वाढवल्यामुळे क्षमता दोन्ही वेळा सुमारे २४९ सीसीच राहिली. त्यातही मोटोक्रॉस गाड्या बहुधा मॉडेलच्या सालाआधीच तयार होतात, त्यामुळे पाटीवर २००९ हे उत्पादनाचे साल असलेली गाडी २०१० चे मॉडेल असू शकते. अमेरिकी बाजारासाठीच्या गाडीत चॅसी नंबरमधील दहावे अक्षर मॉडेलचे साल सांगते. तेथे ९ असेल तर २००९ आणि ए असेल तर २०१०.

त्यानंतर प्रश्न येतो मधल्या मालकांनी केलेल्या बदलांचा. यामाहा वायझेड १२५ चे मूळ माप ५४ मिमी बोअर आणि ५४.५ मिमी स्ट्रोक असे असले, तरी त्याच गाडीवर ५८ मिमी बोअरचे १४४ सीसीचे किट बसवण्याची पद्धत जुनी आहे. बाहेरून पाहून हा बदल सहज ओळखता येत नाही, परंतु हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उघडल्यावर साध्या पट्टीनेही चार मिलिमीटरचा फरक दिसतो. आरएक्स १०० ची गोष्ट आणखी वेगळी आहे. भारतात ती १९८५ मध्ये आली आणि तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, म्हणजे आज हाती येणारा तिचा मूळ ब्लॉक एकदाही बोरिंग न झालेला असणे हा अपवादच समजावा.

मोजमाप सुरू करण्याआधी सिलिंडरबद्दल काय तपासावे?

सिलिंडरची आतली भिंत बिडाच्या स्लीव्हची (आत बसवलेल्या नळीची) आहे की ॲल्युमिनियमवर लेप दिलेली आहे, हे सर्वांत आधी तपासावे, कारण पुढचे सगळे उत्तर याच एका गोष्टीवर वळते. बिडाची स्लीव्ह कापून मोठी करता येते आणि तिच्यात ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, पिस्टन बसतो. निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप, ज्याला आपल्याकडे सरसकट निकासिल म्हणतात, तो कापायचा नसतो. माले या जर्मन कंपनीने हा लेप १९६७ मध्ये मूळ वँकेल इंजिनासाठी विकसित केला आणि आज जवळजवळ प्रत्येक स्पर्धेच्या मोटोक्रॉस इंजिनात तो किंवा त्याच जातीचा लेप असतो. त्याची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. पहिला ओव्हरसाइज ०.२५ मिमीचा, म्हणजे प्रत्येक बाजूने ०.१२५ मिमी, एवढे कापल्यावर लेप संपूर्ण निघून जातो आणि उघड्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचाच पिस्टन घासू लागतो. असा एक सिलिंडर आमच्याकडे आला होता. बोरिंगचे काम सुबक होते, माप अचूक होते, आणि इंजिन सुरू होऊन ट्रॅकच्या टोकापर्यंतही पोहोचले नव्हते.

ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे हेड काढल्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेकडे नीट पाहणे. स्लीव्ह असेल तर बोअरभोवती काही मिलिमीटर रुंदीचे, गडद रंगाच्या धातूचे वेगळे कडे दिसते आणि त्याच्या बाहेर ॲल्युमिनियम सुरू होते. लेप असेल तर ॲल्युमिनियम थेट बोअरच्या काठापर्यंत येते. लोहचुंबकाची परीक्षाही लोक करतात आणि ती उपयोगी आहे, मात्र तिचा अर्थ नीट लावावा लागतो: बिडाला चुंबक घट्ट चिकटतो, तर लेपातील निकेलमुळे तो किंचित ओढला गेल्यासारखा वाटू शकतो. लेपाच्या सिलिंडरमध्ये एखाद्या आधीच्या मालकाने स्लीव्ह बसवून घेतल्याची उदाहरणेही आहेत, म्हणून मॅन्युअलमध्ये लेप लिहिला आहे एवढ्यावर विसंबू नये.

जुन्या पिस्टनच्या माथ्यावर जे आकडे असतात, त्यांचा अर्थ काय?

प्रथम कार्बन काढावा, कारण निम्म्या वेळा आकडा कार्बनखाली दडलेला असतो. तो लोखंडी पात्याने खरवडू नये. कार्बन मऊ करणाऱ्या द्रवात भिजवून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावा. एसटीडी म्हणजे स्टँडर्ड. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० हे मिलिमीटरमधील ओव्हरसाइज. काही उत्पादक बिंदू आणि शून्य गाळून नुसते २५ किंवा ५० छापतात, आणि आरएक्स १०० मध्ये येथेच गंमत होते: तिचा स्टँडर्ड बोअरही ५० मिमी आहे, त्यामुळे माथ्यावरचा ५० हा बोअरचा आकडा आहे की दुसऱ्या ओव्हरसाइजचा, हे नुसते पाहून ठरवता येत नाही. इंचाच्या पद्धतीत ०२० असा शिक्का आढळला, तर तो इंचाचा वीस सहस्रांश भाग, म्हणजे सुमारे ०.५१ मिमी होय.

लेपाच्या सिलिंडरच्या पिस्टनवर आकड्यांऐवजी ए, बी, सी अशी अक्षरे असतात आणि केटीएमच्या टू-स्ट्रोकमध्ये १ व २ हे रोमन अंक असतात. हे ओव्हरसाइज नव्हेत. यांचा विचार पुढे केला आहे.

या सर्व खुणांवरून एवढेच कळते की मागच्या कारागिराने कोणता पिस्टन घातला. तो योग्य होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही. सिलिंडर न कापता पुढच्या मापाच्या नुसत्या रिंगा फाइलने घासून बसवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

व्हर्नियर कॅलिपर पुरेसा आहे का?

कोणता ओव्हरसाइज बसलेला आहे हे ओळखण्यापुरता पुरेसा आहे, कारण दोन ओव्हरसाइजमधील अंतर ०.२५ मिमी असते. पिस्टन आणि भिंत यांतील क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, ठरवण्यासाठी तो चालत नाही. त्याचे आतले जबडे गोल भिंतीला नीट टेकत नाहीत आणि माप किंचित कमी दाखवतात, तर येथे निर्णय शतांश मिलिमीटरवर घ्यायचा असतो. त्यासाठी ०.०१ मिमी दाखवणारा बाहेरचा मायक्रोमीटर आणि डायल असलेला बोअर गेज लागतो. ही साधने विकत घेण्याची गरज नाही. चांगल्या बोरिंगच्या दुकानात ती असतात. ज्या दुकानात बोअर गेज नाही आणि बोटाने चाचपून माप सांगितले जाते, तेथून सिलिंडर परत आणावा.

सिलिंडर कोठे आणि किती वेळा मोजावा?

वर, मध्ये आणि खाली अशा तीन खोलींवर, आणि प्रत्येक खोलीवर गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दिशेने एकदा व तिच्या काटकोनात एकदा, अशी एकूण सहा मापे घ्यावीत. टू-स्ट्रोकमध्ये गेजचा पाय पोर्टच्या, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या वाटेच्या, खिडकीत पडणार नाही याची काळजी घ्यावी. वरचे माप रिंगा पोहोचतात त्या हद्दीत घ्यावे, कारण त्याच्या वर सिलिंडर झिजतच नाही आणि तेथे मूळ माप टिकून असते. हे न झिजलेले कडे उपयोगाचेच असते, कारण शेवटचे बोरिंग कोणत्या मापाला झाले होते हे ते सांगते.

वर आणि खाली यांतील फरक म्हणजे टेपर, आणि एकाच खोलीवरील दोन दिशांतील फरक म्हणजे ओव्हल. मर्यादा त्या-त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावी. मॅन्युअल हाती नसेल तर टेपर ०.०५ मिमीच्या आसपास पोहोचला की केवळ रिंगा बदलून काम भागेल ही आशा सोडावी.

पिस्टन कोठे मोजावा?

स्कर्टवर, म्हणजे रिंगांच्या खालच्या भागावर, गजन पिनच्या काटकोनात, आणि खालच्या कडेपासून उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर मोजावा. ही उंची पिस्टनगणिक बदलते आणि बहुधा पिस्टनसोबतच्या कागदावर छापलेली असते. माथ्याजवळ मोजून पिस्टन लहान आहे असे म्हणत येणारे लोक दर महिन्याला भेटतात. माथा जास्त तापतो व जास्त फुगतो, म्हणून तो मुद्दाम लहान ठेवलेला असतो, आणि पिस्टन पूर्ण गोलही नसतो. पिनच्या दिशेने तो किंचित चपटा असतो. स्कर्टवर काळसर लेप असल्यास उत्पादकाने सांगितलेला क्लिअरन्स त्या लेपासह आहे की लेप वगळून, हे कागदावर पाहावे, कारण तेवढ्यानेही एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो.

५४ मिमी बोअरचा पिस्टन मोजल्यावर ५३.९४ किंवा ५३.९५ भरला, तर चुकीचा माल आला असे समजू नये. खोक्यावर बोअरचे माप लिहिलेले असते आणि पिस्टन क्लिअरन्सइतका लहानच असावा लागतो.

मोजताना हवामानाचा खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि तो आपल्याकडे उन्हाळ्यात जास्तच पडतो. ॲल्युमिनियमचा ५४ मिमीचा पिस्टन तापमान २० अंशांनी वाढले की सुमारे ०.०२५ मिमी फुगतो, बीड मात्र त्याच्या साधारण निम्मेच. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या स्कूटरच्या डिकीतून काढलेला पिस्टन आणि रात्रभर फरशीवर राहिलेला ब्लॉक एकमेकांशी ताडून पाहिले, तर निम्मा क्लिअरन्स मोजण्यातच नाहीसा होतो. पिस्टन, सिलिंडर आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत काही तास ठेवावेत आणि मगच मोजावे.

बिडाच्या सिलिंडरसाठी नेमका कोणता ओव्हरसाइज निवडायचा?

नियम असा की झीज आणि ओरखडे पूर्णपणे निघून जातील असा सर्वांत लहान ओव्हरसाइज घ्यावा. आरएक्स १०० चा एक ब्लॉक उदाहरणादाखल घेऊ. जुन्या पिस्टनवर ०.२५ आहे आणि सहा मापांपैकी सर्वांत मोठे ५०.३४ मिमी आले आहे. पुढचा पिस्टन ०.५० चा. तो हातात घेऊन मोजला तेव्हा ५०.४६५ मिमी भरला आणि उत्पादकाने क्लिअरन्स ०.०३५ मिमी सांगितला आहे, म्हणजे बोअर ५०.५० मिमी करायचा आहे. ५०.५० मधून ५०.३४ वजा केल्यावर ०.१६ मिमी उरते आणि ते दोन बाजूंत विभागले की प्रत्येक बाजूला ०.०८ मिमी कापायला मिळते. इंजिन एकदा जाम झाले असेल आणि एक्झॉस्टच्या बाजूचा ओरखडा यापेक्षा खोल असेल, तर ०.५० च्या मापात तो निघणार नाही आणि ०.७५ वर जावे लागेल. नख अडकणारा ओरखडा दिसला की हा हिशेब करूनच पिस्टन मागवावा.

येथे आणखी एक बारकावा आहे. सिलिंडर सर्व बाजूंनी सारखा झिजत नाही. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो ती बाजू अधिक झिजते. बोरिंगचे यंत्र झिजलेल्या भागाच्या मध्यावर लावले तर नवा बोअर मूळ अक्षापासून सरकतो, म्हणून ते वरच्या न झिजलेल्या कड्यावरून मध्यात आणावे लागते. याचाच अर्थ असा की कागदावरचा ०.०८ चा आकडा जास्त झिजलेल्या बाजूला प्रत्यक्षात याहून कमी असतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पिस्टन विकत घ्यावा, तो मोजावा आणि मग त्या पिस्टनसाठी बोरिंग करून घ्यावे. एकाच उत्पादकाच्या एकाच मापाच्या दोन पिस्टनांतही एक-दोन शतांशांचा फरक निघू शकतो, तेव्हा आधी बोरिंग आणि मग पिस्टन ही उलटी पद्धत जुगार ठरते. अखेरचे काही शतांश होनिंगसाठी, म्हणजे शेवटच्या बारीक घासणीसाठी, राखून ठेवायला सांगावे, आणि टू-स्ट्रोक असेल तर बोरिंगनंतर पोर्टच्या कडांची धार मोडून द्यायला आवर्जून सांगावे. ती तशीच राहिली तर रिंग खिडकीच्या कडेला अडकून तुटते.

शून्यापासून सुरू करून शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत गेले, तरी क्षमतेत फारसा फरक पडत नाही. आरएक्स १०० मध्ये ५० मिमी बोअरला ९८.२ सीसी भरते आणि ५१ मिमीला १०२.१. जास्त ताकदीच्या आशेने मधली मापे ओलांडून थेट १.०० वर उडी मारणे म्हणजे ब्लॉकचे आयुष्य फुकट घालवणे होय.

ए, बी, सी या अक्षरांतून निवड कशी करावी?

लेपाचे सिलिंडर कारखान्यात तयार होताना त्यांच्यात शतांश मिलिमीटरचे फरक राहतात. ते सांभाळण्यासाठी पिस्टनही साधारण ०.०१ मिमीच्या पायरीने वर्गवारी करून विकले जातात. ए सर्वांत लहान, मग बी, मग सी. नव्या सिलिंडरवर कोरलेले अक्षर पाहून पिस्टन घेतला जातो. वापरलेल्या सिलिंडरमध्ये मात्र अक्षर हा फक्त आरंभबिंदू मानावा. बोअर मोजावा, त्यातून सांगितलेला क्लिअरन्स वजा करावा आणि जो पिस्टन त्या मापाच्या सर्वांत जवळ येईल तो घ्यावा. ए चा सिलिंडर थोडा झिजून बी च्या मापाला आला असेल तर बी घालणे योग्यच आहे, परंतु लेप कोठेही सोललेला नसावा आणि बोअर मॅन्युअलमधील मर्यादेत असावा. लेप उडून खालचे ॲल्युमिनियम दिसत असेल तर कोणतेही अक्षर उपयोगाचे नाही.

बोअर गेज मिळतच नसेल तर अंदाज कसा बांधावा?

रिंगच्या गॅपवरून बांधता येतो, आणि ही युक्ती जितकी वापरली जावी तितकी वापरली जात नाही. नवी, ज्ञात मापाची रिंग सिलिंडरमध्ये ठेवावी, पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी आणि दोन टोकांमधील फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजावी. व्यास ०.०१ मिमीने वाढला की परीघ, आणि म्हणून फट, सुमारे ०.०३ मिमीने वाढते. म्हणजे सिलिंडरची झीज फटीत तिपटीहून थोडी अधिक होऊन दिसते. फट अपेक्षेपेक्षा ०.३ मिमी जास्त असेल तर बोअर जवळपास ०.१ मिमी मोठा आहे. स्टँडर्ड रिंग घातल्यावर फट सुमारे ०.८ मिमीने जास्त भरली, तर तो सिलिंडर पहिल्या ओव्हरसाइजचा आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. हेच माप वर, मध्ये आणि खाली घेतले की टेपरही कळतो. ओव्हल मात्र या पद्धतीने कळत नाही.

बोअर सारखाच असेल तर दुसऱ्या गाडीचा पिस्टन चालतो का?

चालत नाही, आणि यावरून होणारे नुकसान चुकीच्या ओव्हरसाइजपेक्षा मोठे असते. यामाहा वायझेड १२५, होंडा सीआर १२५ आर आणि केटीएम १२५ एसएक्स यांच्या अलीकडच्या पिढ्यांत बोअर ५४ आणि स्ट्रोक ५४.५ मिमी असे समान आकडे आढळतात, तरीही पिस्टन एकमेकांत बदलता येत नाहीत. गजन पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, पिनचा व्यास, माथ्याचा घुमट, स्कर्टमधील खिडक्या आणि रिंग अडवणाऱ्या खिळीची जागा, या सर्व गोष्टी जुळाव्या लागतात. उंची एक मिलिमीटरने जास्त निघाली तर पिस्टन हेडला आपटतो, आणि रिंगची खिळी चुकीच्या जागी असली तर रिंगची टोके थेट पोर्टमध्ये उघडतात. म्हणून नवा पिस्टन जुन्याशेजारी ठेवून, दोघांत एकच पिन आरपार घालून, माथ्याची पातळी डोळ्यांनी पाहावी. या तपासणीला अर्धे मिनिट लागते.

कास्ट आणि फोर्ज्ड पिस्टनला एकच क्लिअरन्स ठेवावा का?

नाही. फोर्ज्ड, म्हणजे साच्यात ओतण्याऐवजी दाबून घडवलेला, पिस्टन सामान्यतः जास्त फुगतो, म्हणून त्याला जास्त जागा लागते. थंड असताना तो थोडा खडखडतो आणि ते चालते. डर्ट बाइकच्या इंजिनांत सर्वसाधारण आकडे ०.०३ ते ०.०८ मिमीच्या पट्ट्यात असतात, पण नेमका आकडा पिस्टनच्या उत्पादकाचाच घ्यावा, गाडीच्या मॅन्युअलमधील नव्हे, कारण ते मॅन्युअल मूळ पिस्टनसाठी लिहिलेले असते.

शेवटचा ओव्हरसाइजही संपला असेल तर काय करावे?

बिडाच्या सिलिंडरमध्ये जुनी स्लीव्ह काढून नवी बसवता येते आणि स्टँडर्ड मापापासून पुन्हा सुरुवात करता येते. लेपाच्या सिलिंडरला दोन वाटा आहेत: जुना लेप काढून, खोल जखमा वेल्डिंगने भरून नवा लेप देणे, किंवा बिडाची स्लीव्ह बसवणे. स्लीव्ह स्वस्त पडते, मात्र बीड ॲल्युमिनियमइतक्या सहज उष्णता बाहेर सोडत नाही, तेव्हा स्पर्धेसाठी गाडी वापरणार असाल तर लेपाचाच खर्च करावा.

फोर-स्ट्रोक डर्ट बाइकसाठी वेगळे काय पाहावे?

मोजण्याची पद्धत तीच राहते. अधिक पाहायचे ते माथ्यावरील व्हॉल्व्हच्या खाचा आणि कॉम्प्रेशन, कारण एकाच बोअरचे पिस्टन वेगवेगळ्या कॉम्प्रेशनचे मिळतात. बसवल्यावर व्हॉल्व्ह आणि माथा यांतील अंतर मॉडेलिंग क्लेची मऊ गोळी ठेवून तपासावे.

बसवण्याआधी शेवटची तपासणी कोणती?

कोरड्या, स्वच्छ सिलिंडरमध्ये रिंगांशिवाय पिस्टन सोडून पाहावा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरला पाहिजे, कोठेही अडखळता कामा नये. प्रत्येक रिंगची फट पुन्हा एकदा मोजावी. टू-स्ट्रोकमध्ये ढोबळ आधार म्हणून बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिमी, म्हणजे ५४ मिमीला सुमारे ०.२२ मिमी धरता येते. माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवावा, आणि पिन जागेवर धरणाऱ्या जुन्या सर्क्लिप कितीही चांगल्या दिसल्या तरी नव्याच घालाव्यात. हेड बसवण्यापूर्वी पिस्टनच्या कडेला, पिनच्या रेषेत, सोल्डरची मऊ तार ग्रीसने चिकटवावी, हेड ठरलेल्या टॉर्कने आवळावे, क्रँक हाताने एकदा फिरवावी आणि हेड उघडून दबलेल्या तारेची जाडी मोजावी. ती उत्पादकाने सांगितलेल्या अंतरापेक्षा कमी भरली तर पिस्टनची उंची किंवा गॅस्केटची जाडी चुकली आहे असे समजून किक न मारता तेथेच थांबावे.